टोपली

किल्ली माझ्याकडे असते.
मायेल्लाच्या कड्यात, कास्तेल्पेर्सोपासून दोन तासांचा चढ,
खडकात खोदलेली एक खोली, एक खिडकी
आणि एक दार, ज्याला कधी कडीसुद्धा नव्हती.
कुलूप नगरपालिकेने लावलं,
तो संत झाल्यावर.

त्याआधी तो नुसता सिल्वेरियो होता.
खेचरं हाकायचा, मीठ वाहायचा.
एका फेब्रुवारीत खिंडीत बर्फ उतरलं
तेव्हा त्याने दोन्ही खेचरं वाचवली,
धाकटा भाऊ मागे राहिला.
पुस्तिकेत छापलंय, त्याला देवाची हाक ऐकू आली.
आमच्या घरात सांगतात,
हाक भावाची होती
आणि तो थांबला नव्हता.

वर गेला एकटं राहायला.
लोकांनी ते त्याला फारसं जमू दिलं नाही.
कुणाची शेळी आटली,
कुणाचा नवरा अमेरिकेतून पत्र पाठवेना,
की चालले वर.
तो दाराआडून म्हणायचा, "मला काही कळत नाही."
लोक खाली येऊन सांगायचे,
काय बोलला बघा!

माझी पणजी झिता तेव्हा नऊ वर्षांची.
दर शनिवारी राईचा पाव, कांदा, असला तर चीजचा तुकडा.
आईने बजावलेलं: टोपली ठेव, हाक मारू नको, मागे बघू नको.
मागच्या शनिवारची टोपली पायरीवर असायची,
रिकामी कधीच नाही.
पाइनची बोंडं.
सापाची कात, सबंध, डोळ्यांसकट.
लोकरीचा मोजा, एकच.
एकदा बर्फाचा गोळा, घरी येईतो त्याचं पाणी झालेलं;
झिताच्या आईने ते फेकलं नाही, डाळीत ओतलं.
एकदा त्याचा स्वतःचा दात.

अशी तेवीस वर्षं.
मग एका शनिवारी टोपलीत तिचाच पाव होता.
तेच फडकं, तीच गाठ.
झिता पायरीवर बसली, गाठ सोडली,
आठवड्याचा शिळा, दगड झालेला पाव
तिथेच बसून चावून चावून संपवला,
आणि मग दार ढकललं.

पुढे खूप वर्षांनी बिशपचा माणूस आला,
काळी बॅग, खिशाला दोन पेनं.
आंधळ्याला दिसू लागलं? लंगडा चालला?
झिता म्हणाली, "टोपली."
"कसली टोपली?"
"रिकामी यायची नाही."
त्याने लिहिलं: साक्षीदार वृद्ध. नोंद घेण्याजोगं काही नाही.
चमत्कार त्यांना दुसऱ्या गावात मिळाले.

हाडं आता खाली कॅथेड्रलमध्ये असतात,
काचेच्या पेटीत, मेणाचा चेहरा लावून.
देखणा आहे चेहरा. नाक दुसऱ्याच कुणाचं.
ऑगस्टमध्ये बसगाड्या येतात, माणसं घामाघूम वर चढतात,
त्याच्या दगडी बिछान्यावर आडवी होतात,
पाठदुखीला गुण येतो म्हणे.
मीही झोपून पाहिलंय.
दगड गार असतो, एवढंच सांगू शकते.
आणि खांद्यापाशी एक खळगा आहे, एकाच कुशीचा.
भिंतीकडे तोंड करून निजत असणार तो, कायम.
खिडकी पाठीमागे येते.
खिडकीतून खिंड दिसते.

शनिवारी मी अजून जाते.
दोन तासांचे चार झालेत.
पाव ठेवते. कोल्हा खातो, माहीत आहे मला,
एक्याऐंशी वर्षांची आहे, खुळी नाही.
तोरिनोहून नात फोन करते, नोएमी:
"आज काय मिळालं, नोन्ना?"
तिला सांगायला म्हणून पायरीभोवती शोधते.
कुणाचा हातमोजा. बाटलीचं झाकण.
परवाच्या खेपेला कावळ्याचं पीस.
गेल्या शनिवारी मात्र काही म्हणजे काहीच नाही.

बराच वेळ बसले.
वारा खिंडीकडून होता.
मग कुलूप काढलं, टोपलीत ठेवलं
आणि उतरले.

दार नुसतं लोटलेलं आहे.
नगरपालिकेने अजून विचारलेलं नाही.