झाड क्रमांक एकाहत्तर

मिरजेच्या जुन्या जकात नाक्यामागं
पंपहाऊसच्या भिंतीला टेकून उभं होतं तुणीचं झाड.
वृक्षगणनेच्या वहीत क्रमांक एकाहत्तर,
घेर चौदा फूट, वय अंदाजे.
'अंदाजे'च्या पुढं कुणीच काही लिहिलं नव्हतं,
मीही नाही.

श्रावणात बुंध्याशी, मातीला लागून
एक तपकिरी फळी फुटली,
रात्रीतून कुणी सुतार ठोकून गेल्यासारखी.
रिक्षावाले तिच्यावर चहाचे ग्लास ठेवू लागले.
खालून ती पांढरी, सायीसारखी.
नख ओढलं की रेघ तपकिरी होते
आणि पुसली जात नाही.
पोरांनी तिथं दोन बदाम
आणि एक शिवी कोरून ठेवली होती.

शिकले होते ते सगळं केलं.
बुंध्याभोवतीची फरशी फोडली,
मोरचूद आणि चुना कालवून
कमरेपर्यंत लेप दिला.
झाड निळं झालं.
फळी वाढत राहिली.
चार वर्षांपूर्वी केबलचा चर खणताना
ज्या बाजूची मुळं तुटली
तिथूनच बुरशी आत शिरली असणार.
त्या चराच्या बिलावर माझी सही आहे.

मग दस्तगीरचाचांना बोलावलं.
साठ वर्षं तुणीच्या लाकडात सूर शोधणारा माणूस.
त्यांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला,
मग बोटाच्या पेरानं ठोकत गेले खालून वर,
सतारीचा भोपळा निवडावा तसं.
पूर्वेला ठण्.
छातीच्या उंचीला ठण्.
पंपहाऊसकडं वळले आणि हात थांबला.
"इथं उत्तर येत न्हाई, ताई.
नुसतं ऐकून घेतंय."

मार्गशीर्षात करवत लागली.
आतलं खोड चहात बुडवलेल्या पावासारखं,
त्यात बारीक काळ्या रेघा,
बुरशीबुरशींनी घातलेले बांध,
मोजणीदार न बोलावता.
वरच्या फांद्या मात्र लालसर, धडधाकट.
कापताना वास सुटला
तेव्हा चाचांनी डोळे मिटले.

"न्या," मी म्हटलं, "दांड्या तरी निघतील."
त्यांनी एक ओंडका कानाशी धरला, ठोकला,
परत खाली ठेवला.
"आवाज हाय. पण खुंटी धरणार न्हाई.
आज लावला सूर, उद्या उतरल.
गिऱ्हाईक शिव्या मला देईल,
झाडाला न्हाई."

त्यांनी मागितली ती फक्त फळी.
आता त्यांच्या दुकानात, पटाशींच्या शेजारी
खिळ्याला टांगलीय, पांढरी बाजू समोर :
दोन बदाम, ती शिवी,
आणि त्याखाली नखानं ओढलेल्या
चार सरळ रेघा.
मी विचारलं नाही. तानपुऱ्याला तारा चार असतात
एवढं मलाही माहीत आहे.

वहीत एकाहत्तरपुढं मी 'निष्कासित' लिहिलं.
आषाढात पंपहाऊसपलीकडं गेले,
खोडापासून मोजून बावीस पावलं,
तर फरशीच्या फटीतून वीतभर कोंब.
तांबूस पानं, अजून चुरगळलेली.

मुळं तीच.
म्हणजे आतला पाहुणाही तोच असणार.
किती वर्षं मिळतील याला? दहा? पंधरा?
याला जुनाच क्रमांक द्यायचा की नवा
ते नियमात नाही.

आजूबाजूच्या दोन फरशा उचकटून
मी भिंतीला उभ्या केल्या.
वही पिशवीतच राहिली.