हातचा

सन चौऱ्याऐंशी. ह्यूगीना मकाय, वय एकोणीस.
खांद्यावर पिशवी, पिशवीत सिटका स्प्रूसची रोपं,
हातात अरुंद पात्याची कुदळ.
खोच. वाकव. सोड. टाचेनं दाब.
पुढचं पाऊल.
हजार रोपांमागे ठरलेले पैसे, वारा फुकट.

सदरलंडच्या या सपाटीला झाड ठाऊक नव्हतं.
आधी नांगरानं चर काढले, काळं पाणी बाहेर घातलं,
घरात सामान लावताना म्हाताऱ्याला
"जरा बाहेर बसा" म्हणतात, तसं.
पैसे ग्लासगोच्या कुणा दंतवैद्याचे होते म्हणे.
त्याचा कर वाचला. तो इकडे कधी फिरकला नाही.

झाडं लागली. म्हणजे उभी राहिली,
एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसून.
खाली इतका अंधार की गवतसुद्धा नाही.
सोनेरी चिखल्या दुसरीकडे गेला,
कुठे, ते कुणी विचारलं नाही.

मग जगाला कार्बनची काळजी लागली
आणि गावच्या शाळेत मुलांना गणित आलं:
एक झाड शोषतं इतके किलो,
तर लाख झाडं किती?
ह्यूगीनाच्या मुलीनं उत्तर घरी आणलं. बरोबरची खूण.
त्या रात्री ह्यूगीना जरा ताठ चालली,
कंबर धरलेली असूनही.

हातचा विसरला होता, एवढंच.

हातचा पायाखाली होता.
तीन पुरुष खोल पीट,
वर्षाला एक मिलिमीटर अशा चालीनं साठलेलं,
कुजायचं राहून गेलेलं शेवाळ,
पाण्यानं तोंड दाबून धरलेलं.
पाणी गेलं, हवा शिरली,
आणि हजारो वर्षं धरलेला श्वास
ते हळूहळू सोडायला लागलं.

हे सांगायला फिनेला गन आली,
काचेसारखी पेटी घेऊन. जमिनीवर उपडी घातली
आणि पावसात तासभर आकडे लिहीत बसली.
"झाड वरून घेतंय, जमीन खालून देतेय.
इथे देणं जास्त."
"किती जास्त?"
"या चौकोनात इतकं. पलीकडचं अजून मोजायचंय."
"म्हणजे झाडं लावणं चूक?"
"इथे."
आणि तिनं पेन्सिलीनं नदीकडचा उतार दाखवला,
खडकाळ, उथळ मातीचा.
हरणं अडवायला कुंपण घातलं त्याला बारा वर्षं झाली.
बर्च, रोवन, मधेच एखादं विलो.
ती कुणी लावलेली नव्हती.

आता ह्यूगीना एकोणसाठची. यंत्र चालवते.
एक झाड पाडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो
जेवढा तिला लावायला लागायचा.
खोडं बारीक, वाहून न्यायचा खर्चही निघत नाही.
मग ती चरांत आडवी घालायची, बांध घालायचे,
पाण्याला म्हणायचं, या आत.

तिला बरं वाटलं, असं लिहिता आलं असतं.
चाळीस वर्षांचं आपलं काम आडवं होताना
कुणाला बरं वाटतं?
पहिल्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही.
चौथ्या वर्षी एका चरात लाल शेवाळ दिसलं,
त्याच्या कडेला दवबिंदूचं रोप, चिकट पानात एक माशी
अजून पाय हलवत असलेली.
ती बघत उभी राहिली. आनंद नव्हे तो.
उधारी फिटायला लागल्यावर माणूस
वहीकडे बघतो, तसं काहीतरी.

काल नातू अलिकांतेचं विमान ठरवत होता.
पैसे भरायच्या आधी फोननं विचारलं:
पाच पौंडांत एक झाड लावू का, तुमच्या प्रवासाच्या भरपाईला?
"आज्जी, करू खूण?"
तिनं चष्मा लावला, फोन हातात घेतला.
"कुठे लावणार?"
फोनवर बटणं दोनच होती.
हो. नको.
काळ्या मातीनं कायमचं रंगलेलं अंगठ्याचं नख
दोन्हींच्या मधे,
आणि पोराला घाई.