टाकी भरली त्या दुपारी

न्यो बेलमिरोच्या गच्चीवर जायला आता जिना लागत नाही.
लाव्हा तिच्या कठड्यापर्यंत आला, थांबला, गोठला.
रस्त्यावरून सरळ पाऊल टाकलं की गच्ची.
फोगो बेटावरच्या या गावात अंगणं अशीच तयार होतात.

तिथे आम्ही दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडली.
एक जुनं, खोक्यांसकट वाहायला खेचर लागणारं.
एक नवं, पाठीवरच्या पिशवीत मावणारं,
परीक्षेला बसलेलं.
दोघांच्या पोटात एकच गोष्ट:
स्प्रिंगेला लोंबणारं इवलंसं वजन,
रात्रंदिवस टांगणीला लागलेला जीव.

"हे मोजतं काय?" बेलमिरोने विचारलं.
म्हटलं, खाली किती आहे ते.
"खाली माझं घर आहे,"
तो म्हणाला, आणि कॉफी टाकायला गेला.

तीन दिवस आकडे शहाण्यासारखे वागले.
चंद्र माथ्यावर आला की किंचित उतरायचे; तेवढं वजा केलं.
स्प्रिंगेचं थकत जाणं, तेही वजा.
वारा, खेचराचे खूर, झुल्मीराची शिंक.
उरलं ते शून्याच्या इतकं जवळ
की आम्ही निवांत जेवायला गेलो.

परत आलो तर दोन्ही चढलेली.
नऊ मायक्रोगल.
पृथ्वी आपल्याला धरून ठेवते त्या ओढीचे
अब्ज तुकडे करा, त्यातले नऊ.
जुनं नऊ म्हणत होतं. नवंही नऊ.

झुल्मीराने पेन्सिल खाली ठेवली.
अकरा वर्षांची असताना ती याच गावातून
ट्रकच्या टपावर बसून निघाली होती,
मांडीवर कोंबडी, कोंबडीचे डोळे हाताने झाकलेले.
मी फोन काढला. रेंज नव्हती.
खालून जड काही वर येत असेल
तर कधी कधी असंच येतं,
आवाजाच्या आधी वजन.

मग फरशीवर एक ओली रेघ दिसली.

बेलमिरो आला, हातात टँकरवाल्याची पावती.
कोपऱ्यातलं लाकडी झाकण त्याने उचललं:
"मुलींची खोली. भिंती शाबूत राहिल्या,
मग टाकी केली."
आत काळं पाणी, अजून हलणारं,
पाण्याच्या वर हातभर हिरवा रंग
आणि खिळ्याला अडकलेला एक हँगर.

आम्ही हसलो. जरा जास्तच हसलो.
तो नाही हसला.
"पाणी असो की आग,
तुमचा आकडा सारखाच?"
सारखाच, मी म्हटलं. एकाच जागेवरून सांगता येत नाही.
तो विचारात पडला. झाकण नीट बसवलं.
"मग टँकर येईल तेव्हा हाक मारत जाईन.
हाक आली नाही, तर बघा."

झुल्मीराने वहीत लिहिलं, चाचणी यशस्वी.
ते खोडलं.
लिहिलं: आठ हजार लिटर, दुपारी पावणेदोन.