कारणाचा रकाना

डिचोलीच्या बाजारामागची आमची शाळा,
तिच्या जिन्याखाली ही खोली: एक खाट, एक वजनकाटा,
बर्फासाठी दिलेला फ्रीज, ज्यात हेडमास्तर
आपली सोलकढीची बाटली ठेवतात,
आणि एक रजिस्टर. तारीख, नाव, इयत्ता, कारण, उपाय.

जूनपासून दर गुरुवारी, तिसऱ्या तासाला,
यतीन च्यारी, नववी ब.
कारण: पोटदुखी. उपाय: ओआरएस.
कारण: पोटदुखी. उपाय: झोपवले.
कारण: पोटदुखी.
अकरा वेळा मी हे सुवाच्य अक्षरात लिहिलं
आणि अकराही वेळा खिडकीबाहेर
पीटीचा तास शिट्टी वाजवत चालू होता.

बाराव्या वेळी तो बोट घेऊन आला.
उजवी करंगळी, वांग्यासारखी.
"दारात सापडली, सिस्टर."
दारात सापडलेलं बोट मी ओळखते,
दारात धरलेलंही.

गोलकीपरचे हात. तळव्यांत तांबडी माती,
खाणी बंद पडल्या तरी जी इथं कशावरूनच निघत नाही.
कोणी, ते विचारलं नाही. का, तेही नाही.
बर्फ लावला, मग शेजारचं बोट जवळ ओढून
दोन्ही एकत्र बांधू लागले.
"हे कशाला? हे तर बरं आहे."
"बरं आहे म्हणूनच. दुखऱ्या बोटाला
शेजारी जो धड आहे त्यालाच बांधतात."

त्यावर तो रडला. बोटासाठी नव्हे.
मग सांगत गेला: वाळपईच्या एका मुलाला लिहिलेला मेसेज,
तो वर्गभर कसा फिरला,
आणि आता यानं अडवलेल्या बॉलला
बाकीचे बूटही लावत नाहीत,
आधी नळाखाली धुतात, हसत हसत.
"पण सिस्टर, पोट खरंच दुखायचं."
"माहीत होतं मला."
खोटं बोलले. मला आत्ता कळत होतं.

"घरी सांगणार?"

इथं माझा हात थांबला.
सात वर्षांपूर्वी, साखळीच्या शाळेत,
सुलक्षा नावाची मुलगी याच प्रश्नापाशी बसली होती,
आणि मी, कर्तव्यदक्ष, तिच्या आईला फोन लावला होता.
सोमवारी तिचा बाक रिकामा. मंगळवारी त्यावर दुसरी कोणी.
दाखला न्यायला मामा आला,
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं. "ते तुझं आहे.
तुला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांग.
बोट सुजलंय, एवढं मी कळवीन.
आणि दार शाळेचं आहे. त्याचं मी बघते."

हेडमास्तरांपुढे रजिस्टर उघडून ठेवलं.
तारखा वाचल्या, बाराच्या बारा.
ते म्हणाले, पोरं आहेत, मस्करी करतात.
मी म्हटलं, एक्स-रेत मस्करी दिसत नाही, सर, चीर दिसते.
ते म्हणाले, पण तो नेमका... म्हणजे मुलगा तसा...
मी म्हटलं, तो रकाना यात नाही.
दार ज्यांनी ओढलं त्यांचं बोलू.

डायस सर आता कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभे असतात,
अवघडून, किल्ल्यांशी चाळा करत.
दोघांच्या पालकांना बोलावलं. एकाचा बाप मलाच म्हणाला,
असल्यांना पाठीशी घालता तुम्ही?
म्हटलं, या खाटेवर येईल त्या प्रत्येकाला.
उद्या तुमचाही येईल.

नळ अजून वाहतो अधूनमधून.
परवा जॉयविननं, कॅप्टननं,
न धुतलेल्या बॉलला किक मारली. इतकंच.

काल गुरुवार. तिसरा तास.
यतीन आला, खाटेच्या कडेवर टेकला,
करंगळी वाकवून दाखवली. पुरती वाकत नाही अजून.
फ्रीजमधली सोलकढी कोणाची, म्हणून विचारलं.
पोट? नाही दुखत, म्हणाला.

मी रजिस्टर ओढलं. तारीख, नाव, नववी ब.
कारणापाशी पेन जरा अडलं.
मग लिहिलं:
सहज.