जास्तीचं शिसं

हनोख ओहोळ दुकानात आला तेव्हा
तांबट लेनमधली दुपारची ठोकठोक थांबलेली होती.
पोत्यातून त्याने वजनं काढली,
पाच किलो, दोन, एक, अर्धा,
अन् माझ्या टेबलावर उलटी मांडली,
पोट वर करून.

बुडातलं शिसं माझंच होतं.
सात वर्षांपूर्वी मीच ओतलेलं, वितळलेलं, चंदेरी,
वरून जुना शिक्का जसाच्या तसा.
अंबड लिंक रोडवर भंगार घेणाऱ्याचा किलो
अकराशे ग्रॅमचा असतो
हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

"काढ," तो म्हणाला.
"काय काढू?"
"जास्तीचं."

धाड पडणार आहे का? नाही.
धंदा विकतोयस? नाही.
मला वाटलं, आता खिशातून पुस्तिका काढेल,
मलाही दोन शब्द सांगेल.
त्याने रुमाल काढला,
मान पुसली, अन् स्टुलावर बसून राहिला.

मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो.
शरणपूरच्या देवळात दर रविवारी कडक इस्त्रीचा सदरा,
नाताळात आमच्या घरी करंज्यांचं ताट,
अन् सोमवारी तोच हात
पारड्याखाली करंगळी लावायचा.
देव त्याला होता, मलाही होता.
दोघांनीही त्याला चपलांशेजारी
उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलेलं.

शिसं तापायला वेळ लागतो.
तेवढ्या वेळात एकदाच बोलला:
"प्रार्थनेला डोळे मिटले की
ठकूबाईचं पोतं दिसतं रे.
आमेनपर्यंत पोचताच येत नाही."

नंतरचं मी ऐकलेलं.
पत्र्याच्या शेडबाहेर तेलाचा डबा उलटा टाकून
तो वही घेऊन बसला.
ठकूबाई, गयाबाई, विल्होळीचा तो मुका पोरगा,
ज्यांची नावं कधी लिहिलीच नव्हती
त्यांची नावं विचारून विचारून लिहिली.
बायकोच्या पाटल्या गेल्या. ती महिनाभर बोलली नाही,
मग एके दिवशी तीही वहीत बेरजा करू लागली.

ठकूबाईने पैसे तीनदा मोजले.
"आता हा कोणता नवा डाव?"
म्हणाली, अन् शिवी हासडली, चांगली खणखणीत.
हनोख मान खाली घालून ऐकत राहिला.
पुढचं पोतं तिने आधी शेजाऱ्याच्या काट्यावर घातलं,
मग त्याच्या.
चार महिने असंच.

संत झाला म्हणाल, तर तसं काही नाही.
टेम्पोवाल्यावर अजून तसाच खेकसतो,
फक्त आता दहा पावलं गेल्यावर थांबतो,
परत येतो,
अन् रस्त्याच्या मधोमध, हॉर्न वाजत असताना,
"चुकलं माझं" म्हणतो.
टेम्पोवाले हसतात त्याला.

त्या दिवशी वजनांतून निघालेलं शिसं
मी त्याच्यापुढे धरलं. ने, विकशील.
"तुझ्याकडेच राहू दे," म्हणाला,
अन् मजुरी ठेवून गेला, पूर्ण,
घासाघीस न करता.

आठशे पन्नास ग्रॅम.
पंख्याने बिलं उडू नयेत म्हणून
मी तो गोळा टेबलावर ठेवलाय.
कधीकधी संध्याकाळी काट्यावर टाकून बघतो.
आठशे पन्नासच भरतो.
हाताला मात्र पटत नाही.

काल पंचवटीचा एक कांदेवाला आला.
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला,
"मालक, माझं थोडं पोखरून द्या ना."
मी त्याचं वजन उलटं केलं,
बुडावर अंगठा फिरवला.
नाही म्हणायला तोंड उघडलं
अन् म्हणालो,
उद्या ये.

सकाळचे अकरा वाजलेत.
गल्लीत ठोकठोक चालू आहे.
भट्टी मी अजून पेटवलेली नाही.