लघवीची वही

मी मोजणारी बाई.
पंचवीस विड्यांची जुडी, चाळीस जुड्यांचा हजार.
बोटं आपोआप थांबतात पंचविसाव्या विडीवर,
डोळा लागला असला तरी.

सिव्हिलमध्ये सुरवसे सिस्टरनी हातात रेघा मारलेलं भांडं दिलं.
अंबक्का, मल्लेशमची लघवी मोजायची,
वहीत लिहायची. सांडायची नाही.
सोमवार : दोनशे.
मंगळवार : नव्वद.
बुधवारी कपाच्या तळाशी उरतो तेवढा
गढूळ, काळपट चहा.
गुरुवारी मी नुसता वार लिहिला.

डॉक्टर पोरगेलासा, दोन दिवसांची दाढी.
डास? म्हटलं, विडी घरकुलात डास कुणाला चुकलेत.
साचलेल्या पाण्यात चाललात? घरी जनावरं?
डेंगी निघाला नाही, लेप्टो निघाला नाही.
तरी ताप. तरी कंबर दगडानं ठेचल्यासारखी,
डोळे रंग खेळून आल्यासारखे लाल,
आणि काखेत बारीक ठिपके,
लाल दोऱ्याची टोकं छाटून उडवावीत तसे.
मग बीपी खाली गेलं.
खाली म्हणजे किती, ते मला कुणी मोजून सांगितलं नाही.

ताप यायच्या आधी, दोन-तीन आठवडे मागे जा,
काय केलं तुम्ही?
हे बोलले, ओठ सुकलेले :
गाजूल शेठचं शेड उघडलं ना. आठ महिने बंद होतं.
मी झाडलं.

झाडलं.
सुताला पाजलेली खळ खायला उंदीर आले,
त्यांनी बिमांखाली संसार मांडला,
मुतले, वाळलं, धूळ झाली,
आणि ह्या माणसानं केरसुणी घेतली.
तोंडाला टॉवेलसुद्धा नाही.
पत्र्याच्या भोकातून तिरीप पडली असेल,
तिच्यात कण नाचले असतील.
ह्यांना ते बघायला आवडतं.
उभे राहिले असतील बघत,
श्वास घेत.

रक्त मशीनमधून तीनदा फिरून आलं.
नमुना पुण्याला गेला.
शनिवारी पहाटे भांडं जड लागलं :
चारशे.
दुपारी हजार. रविवारी दिवसभरात पाच लिटर,
मी भांडं धुऊन धुऊन थकले
आणि वॉर्डात एकटीच हसत सुटले.
शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला वाटलं,
हिला कुणी काय सांगितलं की काय.

पुण्याची चिठ्ठी त्यानंतर आली. हंता.
सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, अगं बाई, हंता म्हणजे मारणारा!
डॉक्टर म्हणाला, नाही हो,
कोरियातल्या एका नदीवरून पडलंय नाव.
नदी तर चिठ्ठीच्या आधीच आली होती.

माणसाकडून माणसाला हा लागत नाही,
त्यानं दोनदा समजावलं.
मुनीमला कुणी समजावलं नाही.
सूप हातात न घेता, लांबूनच,
त्यानं माझा सबंध हजार छाटला.

शेठचा निरोप आला, उरलेलं शेड कुणीतरी झाडा.
मी गेले. झाडलं नाही.
दारं उघडी टाकून अर्धा तास बाहेर बसले,
नाकाला फडकं, हातात पिशव्या बांधून
ब्लीचिंगचं पाणी शिंपडलं, धूळ भिजून खाली बसू दिली.
बिमाखाली घरटं निघालं :
चादरीचं लाल सूत, मोरपंखी सूत,
इतकं नीट गुंफलेलं की हात क्षणभर मागे आला.
आत कुणी नव्हतं.
उंदराला म्हणे काही होत नाही.
जन्मभर अंगात घेऊन फिरतो, ठणठणीत.

रात्री हे उठतात, मोरीतला दिवा लावतात.
मी डोळे मिटून ऐकते, मोजते.
पंचविसावर माझी बोटं थांबतात.
आवाज अजून चालू असतो.