बुधवारची यादी

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
बॉयलरला लागून, कान तपासायची खोली.
दारावर माझी पाटी: य. बहिरट.
नऊ वर्षं झाली, पाटी वाचून अजून कुणी हसलं नाही.
सांगलीत असते तर
पहिल्याच दिवशी फोटो गावभर फिरला असता.

वडील सांगायचे, भैरवाचं बहिरव, बहिरवाचं बहिरट;
कुळात बहिरं कुणी नव्हतं, दैवत होतं.
पण मास्तरांना दैवत दिसत नसे.
हजेरीला ते नाव दोनदा पुकारायचे,
दुसऱ्यांदा मुद्दाम ओरडून,
की वर्ग खिदळायचा.
ते हसू वडिलांनी चाळीस वर्षं खिशात सांभाळलं
आणि बाकीच्या चिल्लरीसकट मला दिलं.

बुधवारी म्हाताऱ्यांची यादी.
आज बाकावर ओळीनं बसलेत
स्मिथ, कोवाल्स्की, हद्दाद.
एक इथलाच, एकाचा बाप लढाईनंतर पोलंडहून आलेला,
एक अलेप्पोचा, चार वर्षांपूर्वीचा.
कुणी त्यांना सांगितलेलं नाही
की तिघंही लोहार आहेत,
की तीन भाषांत मिळून भाता एकच.
मी सांगणार होते.
पण ऐकू कुणाला येणार!

स्मिथनं बस चालवली, कोवाल्स्कीनं टॉफी ढवळली,
हद्दाद शाळेत भूगोल शिकवायचा.
तरी कागदावर रेघ तिघांची सारखीच उतरते:
चार हजारांपाशी खळगा,
घण पडावा तसा.
कान काही आडनावातून येत नाहीत, मला ठाऊक आहे.
तरी तिन्ही कागद
मी जरा वेळ एकावर एक धरून उजेडात पाहिले.

मग वेब्स्टरबाई.
वेब्स्टर म्हणजे विणणारी. कोष्टीण म्हणा.
पंधराव्या वर्षी गालिच्यांच्या गिरणीत लागल्या;
मागांच्या खडखडाटात बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या,
सासूच्या कागाळ्या, चुकलेले दिवस, सगळं बिनआवाजी.
नाव मात्र नवऱ्याचं. तो दूध टाकायचा.
आडनाव त्याचं, माग हिचा.
"आणि माहेरचं?"
"शेफर्ड."
म्हणजे धनगराची लेक कोष्ट्याच्या घरी.
आमच्याकडे एवढ्यावर बैठक बसली असती;
इथे केक कापला, आणि सोमवारी दोघं कामावर.

कोजागरीला लीड्सला गेले होते.
दुधाचा पेला हातात देता देता एक बाई म्हणाल्या,
बहिरट म्हणजे नेमके कुठले?
मग, जरा जवळ येऊन,
म्हणजे तुमच्यात काय काय चालतं?
मी कानामागे हात नेला. काय म्हणालात?
त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हात नेला.
तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला
आणि जायफळाबद्दल बोलू लागल्या.
वडिलांची चिल्लर अशी पहिल्यांदा मोडली.

वेब्स्टरबाई मला मिस बॅरट म्हणतात.
बॅरट इथलं नाव आहे; जुना अर्थ, म्हणे, भांडण.
मी कधी भांडले नाही.
आज नवं यंत्र बसवलं, आवाज चढवला.
त्या दचकल्या. हे काय वाजतंय?
तुमच्या कोटाची बाही, मी म्हटलं.
बाही पुन्हापुन्हा चोळत बसल्या,
सुतातलं काहीतरी शोधत असल्यासारख्या.
तेवढ्यात मी नाव सांगून घेतलं,
सावकाश, तोडून: ब. हि. रट.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं, ओठ हलवून पाहिले,
आणि म्हणाल्या, बइरट.
ह तेवढा राहिला.
ह गिळायची इकडची रीतच आहे,
स्वतःच्या गावालासुद्धा अ‍ॅलिफॅक्स म्हणतात.

बाहेर स्मिथ शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता,
"उठ, अद्दाद, तुझा नंबर."